गंगम्माच्या डोळ्यांचा खटला

देवगाव फाट्यावर मन्मथअप्पांचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची सावली, चार बाकडी आणि उघड्यावरची भट्टी. मन्मथअप्पांच्या मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा. ते "सुटली हो परभणी!" म्हणून ओरडले की बाजूच्या शेतात आडोशाला गेलेला पॅसेंजरसुद्धा धोतर सावरत धावत यायचा. असा हा माणूस एका बाबतीत मात्र लोण्यासारखा मऊ होता. ती बाब म्हणजे त्यांची धाकटी बहीण गंगम्मा.

गंगम्मा पिंगळीला दिलेली. तिचे मालक ईश्वरअप्पा यांचं स्टेशनच्या वाटेवर किराणा दुकान होतं. पुढं दुकान, मागं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर. एकुलती लेक लग्न होऊन सेलूला गेली होती, त्यामुळं घरात दोघंच. बहात्तरचा दुष्काळ आला, मग हॉटेलचं छप्पर वादळात गेलं, मग मन्मथअप्पांचा गुडघा दुखायला लागला, असं करता करता बहिणीकडं जाणं राहूनच गेलं. शेवटी चौऱ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात ते हरभऱ्याचा ढाळा, म्हणजे ओल्या घाट्यांच्या डहाळ्यांच्या जुड्या, काखेत मारून पिंगळीला उतरले आणि दुकानात न थांबता थेट मागच्या दारानं घरात शिरले.

गंगम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या, तोंडाला पदर. भावाला बघून हसायला गेली आणि खोकत खाली बसली.

"रडायलीस?" मन्मथअप्पांच्या हातातला ढाळा खाली पडला.

"न्हाई दादा. धूर गेला डोळ्यात."

आता या वाक्याची एक अडचण आहे. आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या रडणं लपवायला हेच वाक्य वापरलेलं. मन्मथअप्पांच्या आईनं वापरलं होतं, बायकोनं वापरलं होतं, थोरल्या सुनेनं तर मागच्याच महिन्यात वापरलं होतं. त्यामुळं गंगम्मानं खरं काय ते सांगितलं आणि नेमकं तेच खोटं ठरलं.

मन्मथअप्पा दुकानात आले. ईश्वरअप्पा एका गिऱ्हाईकाला शेंगदाणे तोलून देत होते. ते अंगानं बारीक, बोलायला हळू. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ.

"दाजी, तराजू खाली ठिवा."

"कवा आलात? शरणार्थ," ईश्वरअप्पांनी हात जोडले. "बसा की. कामून?"

"आत माझी बहीण रडायली, आन् तुमी इतं शेंगदाणे तोलायलेत!"

ईश्वरअप्पांना काही कळेना. ते भोळेपणानं म्हणाले, "ती तर रोजच रडती."

"रोज?"

एवढा आवाज झाला की गिऱ्हाईकाच्या पिशवीतले शेंगदाणे सांडले. पलीकडच्या ओट्यावर बसलेले किशनराव उठून आले. किशनराव रेल्वेत पॉइंटमन होते, आता रिटायर झालेले. गाड्यांचे सांधे बदलायचं काम हातून गेल्यापासून ते गावातल्या भांडणांवर दिवस काढत होते.

"तसं न्हाई हो," ईश्वरअप्पांनी सावरायचा प्रयत्न केला. "म्हंजी सकाळी रडती, मंग संध्याकाळी रडती. मदी बिलकुल न्हाई रडत. धुरानं होतंय ते. म्या कधी बोटबी उचललं न्हाई तिच्यावर."

"धुरानं!" मन्मथअप्पा हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "माझी सारी हयात भट्टीपुढं गेली. म्या रडायलो का? हाय का माझा डोळा लाल?"

डोळा रागानं लालच होता, पण ते सांगायची कुणाची छाती झाली नाही. त्यांची भट्टी उघड्यावर असते, वारा येतो, धूर निघून जातो, हेही तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

किशनरावांनी दोन्ही हात वर केले. "थांबा. गाडी भलत्या रुळावर चाललीय असं वाटलं तर सांधा बदलून बघावा. आठ रोज ईश्वरअप्पांनी चुलीपुढं बसावं आन् गंगम्मानं दुकानात. ईश्वरअप्पांचे डोळे लाल झाले तर धूर खरा. न्हाई झाले तर गुन्हा कबूल."

"मंजूर," मन्मथअप्पा म्हणाले. "आन् आठ रोज मी इतंच ऱ्हाणार. फाट्यावर पोरं बघत्येल हॉटेल."

ईश्वरअप्पांना कुणी विचारलंच नाही. गंगम्मालाही नाही. पण तिनं पदर खोचला, हात धुतले आणि कुणी मन बदलायच्या आत दुकानाच्या गादीवर जाऊन बसली.

पहिल्या दिवशी ईश्वरअप्पांनी आधी चुलीला नमस्कार केला. मग पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या रचल्या, गवरी ठेवली, वर थोडं रॉकेल शिंपडलं. जाळ झाला आणि विझला. मग धूर सुरू झाला. हा धूर वर जात नव्हता. माळवदाला टेकून खाली वाकत होता, आणि खोलीत दुसरं कुणी नसल्यामुळं ईश्वरअप्पांकडंच येत होता. त्यांनी फुंकणी उचलली, तोंडाला लावली आणि दम घ्यायला श्वास आत ओढला. फुंकणी तोंडातून काढून दम घ्यायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

नंतरच्या खोकल्याचा आवाज दुकानात आला. गंगम्मा जागची उठली. मन्मथअप्पांनी तिला बसवलं. "बसून ऱ्हा. सोंग हाय."

त्या दिवशी भाकरी झाली, पण ती एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं पीठ होती. मन्मथअप्पांनी मधला भाग शोधून खाल्ला. तिसऱ्या दिवसापर्यंत ईश्वरअप्पांचे डोळे कुंकवासारखे झाले. पापण्या जड झाल्या, नाक वाहायला लागलं, घसा बसला. कपाळावरच्या तीन रेघा घामानं आणि डोळे पुसता पुसता एक होऊन गेल्या. चूळ भरली की पाणी काळं पडायचं. चौथ्या दिवशी त्यांना माळवदाचा जिना चढताना छातीत बारीक शिट्टी वाजल्यासारखं झालं, म्हणून ते पायरीवर थांबून ऐकत राहिले. त्यांना वाटलं कुठंतरी मांजर अडकलंय.

दुकानात मात्र वेगळंच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी गंगम्माच्या पापण्यांची सूज उतरली. चौथ्या दिवशी तिला स्टेशनाकडून येणारा माणूस चेहऱ्यावरून ओळखू यायला लागला. एरवी ती चालीवरून ओळखायची. तुरीच्या डाळीत एवढे खडे असतात हे तिला पहिल्यांदा दिसलं. तिनं दोन शेर खडे वेचून ते बरणीत भरून गल्ल्याशेजारी ठेवले, ईश्वरअप्पांना दाखवायला. आधी दर वाक्याला खोकणारी बाई आता सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा खोकायची. गावातल्या बाया तेल-मीठ घ्यायला येत आणि तासभर बसत. पाचव्या दिवशी कुणाच्या तरी बोलण्यावर ती इतकी हसली की मन्मथअप्पा ओट्यावरून धावत आले.

"बगितलं?" ते किशनरावांना म्हणाले. "नवऱ्यापासून दहा पावलं लांब बसली आन् हसायली. झालं सिद्ध!"

"पर ईश्वरअप्पांचे डोळेबी लाल झाले की," किशनराव म्हणाले. "ठरल्याप्रमाणं धूर खरा."

"तो पश्चात्ताप हाय."

किशनराव विचारात पडले. रेल्वेत असा प्रसंग कधी आला नव्हता. एकाच सिग्नलला दोन माणसं दोन रंग सांगत होती.

गंगम्मा म्हणाली, "दादा, म्या पैल्या दिवसापास्नं सांगायले, धूर हाय म्हणून."

"तू नको बोलू. तू घाबरलेली हायेस," भावानं मायेनं सांगितलं आणि तिच्यापुढं ढाळ्याची जुडी सरकवली.

इकडं ईश्वरअप्पांचे डोळे गावभर गाजले होते. सकाळी आडावर पाण्याला गेले तर लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. कुणी विचारलं तर ते बसलेल्या आवाजात म्हणायचे, "काय न्हाई, धूर गेला." ऐकणारा मान हलवायचा आणि घरी जाऊन बायकोला म्हणायचा, "लय सोसायलाय बिचारा."

ही बातमी एस.टी.नं जिंतूरला गेली आणि तिथून येलदरीला. दर थांब्यावर तिच्यात कुणी ना कुणी चढत गेलं. पिंगळीहून निघाली तेव्हा 'ईश्वरअप्पा स्वयंपाक करायलेत' एवढीच होती. येलदरीत उतरली तेव्हा बायकोनं ईश्वरअप्पांना दुकानातून हाकललं होतं, मेव्हण्यानं चुलीला बांधून ठेवलं होतं आणि त्यांना फक्त करपलेली भाकरी मिळत होती. यातलं शेवटचं खरं होतं.

येलदरीत ईश्वरअप्पांची थोरली बहीण मल्लम्मा राहायच्या. त्यांचे मालक धरणावर पहारेकरी होते. घरी रॉकेलचा स्टो होता. चुलीपुढं बसणं सुटून त्यांना बारा वर्षं झाली होती. बातमी ऐकली तशा त्या कुणालाही न सांगता पहिल्या गाडीनं निघाल्या आणि सातव्या दिवशी दुपारी पिंगळीत आल्या.

आदल्या दिवशी अवकाळी सर येऊन गेली होती. अंगणातली पऱ्हाटी भिजली होती. ईश्वरअप्पांनी तीच चुलीत घातली होती, कारण दुसरी नव्हती. मल्लम्मांनी भावाचे डोळे बघितले आणि हंबरडा फोडला.

"ईश्वऱ्या! काय दशा केली रे तुझी!"

मन्मथअप्पा ओट्यावरून आत आले. गंगम्मा दुकानातून आत आली. दोन्हीकडची थोरली माणसं समोरासमोर उभी राहिली. मल्लम्मांना घराच्या इज्जतीची फिकीर होती. त्या म्हणाल्या, "गावापुढं तमाशा नको. काय बोलायचं ते आत बोला." आणि तिघांनाही स्वयंपाकघरात घेऊन त्यांनी दार लावलं, वरून कडी घातली.

"आता बोला!" त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "माझ्या भावाला चुलीला कुणी बां..." पुढचं खोकल्यात गेलं.

"आन् माझ्या बहिणीला," मन्मथअप्पांनी आवाज चढवला, "रोज सकाळ-संध्याकाळ कोण रड... रड..." आवाज चढवायला मोठा श्वास लागतो. तो त्यांनी घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटेना.

भिजलेली पऱ्हाटी आता रंगात आली होती. मल्लम्मांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मन्मथअप्पांच्या मिशांची टोकं ओली होऊन खाली वळली. दोघांनाही समोरचा रडताना दिसत होता, म्हणून दोघंही जरा नरमले.

"रडू नका हो अप्पा," मल्लम्मा खोकत म्हणाल्या. "भांडण आपल्या जागी."

"आक्का, तुमीच आधी... रडायचं थांबा."

"दार उघडा!" गंगम्मा ओरडली. तिला या धुराची सवय होती, पण सात दिवसांत ती मोडली होती. चौघंही डोळे मिटून कडी शोधायला लागले. ईश्वरअप्पांच्या हाताला मन्मथअप्पांची मिशी लागली. मल्लम्मांनी कडी समजून फडताळ उघडलं आणि तिखटाचा डबा खाली आला.

तेवढ्यात किशनराव तंबाखू घ्यायला दुकानात आले होते. गादीवर कुणी नव्हतं. आतून एकदम चार माणसांचं रडणं, शिंकणं, आणि त्यात "आई गं", "गेलो गेलो", "मेले बाई मेले", "ईश्वऱ्या रं!" असे आवाज आले. किशनरावांनी टोपी काढली. क्षणभर मान खाली घालून उभे राहिले. मग सगळ्यात आधी त्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या, कारण मयताच्या घरचं दुकान उघडं राहणं बरं दिसत नाही. नंतर गल्लीत जाऊन सांगितलं, "ईश्वरअप्पाच्या घरी झालं."

"काय झालं? कोण गेलं?"

"ते काय मला विचारवलं न्हाई."

आपल्याकडं मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी भाकरी-पिठलं आणून देतात. आत कडी सापडायला अन् चौघांना अंगणात येऊन श्वास घ्यायला वेळ लागला. डोळे धुवून होईपर्यंत गल्लीतल्या बाया टोपल्या झाकून अंगणात हजर होत्या. बाप्ये भिंतीला टेकून खाली बसले. बायांनी रडायची तयारी केली, पण नाव कुणाचं घेऊन रडावं ते ठरेना. त्यांनी हळूच मोजलं. ईश्वरअप्पा होते. गंगम्मा होती. मन्मथअप्पा होते. एक जादाच्या मल्लम्माही होत्या. घरात असतात त्यापेक्षा माणसं वाढलीच होती.

"लय वाईट झालं," एक शेजारी ईश्वरअप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला.

ईश्वरअप्पांना वाटलं, हा स्वयंपाकाबद्दल बोलतोय. त्यांना भरून आलं. "काय सांगू तुमाला. आज सातवा दिवस."

"सातवा! आन् कुणाला कळवलं न्हाई?"

"कळवायचं काय त्यात? आपलं आपण सोसायचं."

बाया हे ऐकून खरंच रडायला लागल्या.

त्या गर्दीत केशरबाई होत्या. केशरबाई खंदारे गावच्या बालवाडीच्या बाई. त्यांचे मालक स्टेशनात कारकून. गावाच्या दुसऱ्या टोकाला बौद्ध वस्तीत राहायच्या. त्यांनीही टोपलीत चार भाकरी आणल्या होत्या आणि दाराजवळ उभ्या होत्या. त्यांनी चौघांचे डोळे बघितले, मग नाक वर करून वास घेतला, मग दारातून बाहेर लोंबणारा धूर बघितला.

"इतं कुणी मेलेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "हा धूर हाय. गंगम्माबाई, आत येऊन बघू का?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. त्या घराच्या चुलीपर्यंत बौद्ध वस्तीतलं कुणी कधी गेलं नव्हतं. मल्लम्मांना काहीतरी म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना जोराचा खोकला आला. तो संपायच्या आत गंगम्मानं केशरबाईंचा हात धरून त्यांना आत नेलं होतं. मागून बाकीचे आले.

केशरबाईंनी भिंतीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं, चिकट. ते त्यांनी मन्मथअप्पांपुढं धरलं.

"हे भिंतीला बसलंय, अप्पा. भिताड काय श्वास घेत न्हाई. ही घेती. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास." मग त्यांनी गंगम्माकडं वळून विचारलं, "डोळे चुरचुरतेत का? सकाळी चिकटतेत? खोकला कोरडा का कफाचा? चढ चढताना दम लागतो?"

गंगम्मा प्रत्येकाला हो म्हणत गेली. असं एकामागून एक तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तरं देता देता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं हे आता खुद्द तिलाही सांगता आलं नसतं.

"बालवाडीच्या ट्रेनिंगला आमाला परभणीत डॉक्टरांनी शिकवलं," केशरबाई म्हणाल्या. "धुरानं डोळे भाजतेत, घसा सुजतो, श्वासाची नळी आकसती. बारकी लेकरं असली तर छातीच भरती त्यांची. बरं, खिडकी कुठं हाय या खोलीला?"

सगळ्यांनी चारी भिंती बघितल्या. खिडकी नव्हती. पश्चिमेच्या भिंतीला सरकी पेंडीची पोती छतापर्यंत रचलेली होती.

"खिडकी हाय," गंगम्मा शांतपणे म्हणाली. "त्या पोत्यांमागं. आन् वर माळवदाला धूर जायला भोकसुद्धा हाय. त्याच्यावर पत्रा ठिवलाय, मांजर येती म्हणून."

"कुणी ठिवला?" मन्मथअप्पांनी विचारलं.

ईश्वरअप्पा पोत्यांकडं बघत होते. तीन वर्षांपूर्वी पुढची खोली गळायला लागली म्हणून त्यांनीच ही पोती चार दिवसांसाठी इथं आणून रचली होती.

"तू मला बोलली न्हाईस कधी," ते म्हणाले.

"बोलले. पोळ्याला बोलले, दिवाळीला बोलले, शिवरात्रीला बोलले. तुमी दर डाव म्हणलात, बघू."

ईश्वरअप्पांना आठवलं. 'बघू' म्हटल्याचं आठवलं आणि पुढं काही बघितलं नाही हेही आठवलं.

मन्मथअप्पा छाती फुगवून पुढं आले. "म्हंजी दाजी, माझ्या बहिणीला रडवलं ते तुमीच!"

"व्हय," ईश्वरअप्पा म्हणाले. "मीच."

सात दिवस मन्मथअप्पांनी मनात भाषण तयार केलं होतं. ते सगळं ईश्वरअप्पा 'मी न्हाई' म्हणतील त्यापुढचं होतं. 'मीच' म्हटल्यावर काय बोलायचं याची त्यांनी तयारीच केली नव्हती. ते भिंतीकडं वळले, वरचं पोतं ओढून पाठीवर घेतलं आणि म्हणाले, "कुठं ठिवायचं?"

अंगणात पुरुष होतेच, आणि मयताला म्हणून आलेले असल्यामुळं खांदा द्यायच्या तयारीनंच आलेले. एकोणीस पोती बाहेर निघाली. खिडकीच्या फळ्या फुगून बसल्या होत्या. किशनरावांनी लाथ मारली तेव्हा त्या पलीकडच्या गल्लीत पडल्या आणि आत उजेड आला. उजेडात गंगम्माच्या स्वयंपाकघराचा खरा रंग सगळ्यांना दिसला. छताच्या लाकडांवरून काजळीच्या दोऱ्या लोंबत होत्या. मल्लम्मांनी पदर बांधला आणि केरसुणी मागितली.

मग सगळे अंगणात बसून शेजाऱ्यांनी आणलेलं भाकरी-पिठलं जेवले. केशरबाईंच्या चारही भाकरी ईश्वरअप्पांनी एकट्यानं संपवल्या. सात दिवसांत त्यांनी दोन्ही बाजूंनी भाजलेली भाकरी बघितली नव्हती.

पुढचे तीन दिवस केशरबाई बालवाडी सुटली की यायच्या. त्यांनी गाळाची माती, भुसा आणि शेण तुडवून नवी चूल घातली. कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या नळ्या एकावर एक बसवून माळवदाच्या भोकातून धुराडं वर काढलं. नळ्या धरायला मन्मथअप्पा शिडीवर होते आणि चिखल द्यायला खाली मल्लम्मा. दोघं दिवसभर एकमेकांवर ओरडत होते, पण ते कामापुरतं. चूल वाळल्यावर पहिला जाळ केला तेव्हा अर्धी गल्ली धुराड्याकडं बघत रस्त्यात उभी होती. धूर वर निघाला, जरा थांबला, आणि वाऱ्यानं स्टेशनाकडं गेला. किशनरावांनी सवयीनं हात हलवून त्याला लाईन क्लिअर दिली.

ईश्वरअप्पांनी गंगम्माला परभणीला दवाखान्यातही नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला थेंब दिले. डोळे लवकर निवळतील, पण छातीला वेळ लागेल, म्हणाले. धुराची वर्षं एका महिन्यात उतरत नाहीत. तसंच झालं. थंडीत तिला अजून खोकला यायचा आणि माळवदावर जाताना ती मध्ये एकदा थांबायची. पण दुपारची दुकानाची गादी तिनं सोडली नाही. ईश्वरअप्पा एक वेळचा स्वयंपाक करायला शिकले. भाकरी अजूनही जाड व्हायची.

राहिला होता भांड्यांचा प्रश्न. शेजाऱ्यांच्या नऊ टोपल्या आणि तीन पातेली घरात पडून होती. मल्लम्मा येलदरीला निघायच्या आदल्या दिवशी यावर वाद झाला. मयताच्या घरची भांडी रिकामी परत करतात. पण मयत झालंच नव्हतं.

"रिकामी दिली तर लोक म्हणतील, कुणीतरी गेलंच होतं," मल्लम्मा म्हणाल्या.

"आन् भरून दिली," मन्मथअप्पा म्हणाले, "तर म्हणतील, कुणी गेलं म्हणून लाडू वाटायलेत."

शेवटी गंगम्मानं प्रत्येक टोपलीत शेंगदाण्याचे दोन-दोन लाडू घातले आणि ईश्वरअप्पांना सांगितलं, "घरोघर जावा, आन् तोंडानं सांगा काय झालं ते."

ईश्वरअप्पा निघाले. दर घरी उभं राहून सांगायचे, "कुणी गेलं न्हाई. धूर होता. चूक माझी होती." लोक हसायचे, लाडू घ्यायचे. शेवटचं घर सरजाबाईंचं. सरजाबाई सत्तरीच्या, कानानं बहिऱ्या, एकट्या राहायच्या. त्या आत भाकरी थापत होत्या. ईश्वरअप्पा आत जाऊन त्यांच्या कानाशी ओरडले, "मावशी, कुणी गेलं न्हाई!"

"जातंच रे बाबा कुणीतरी," सरजाबाई म्हणाल्या. "मन घट्ट कर."

"न्हाई, धूर! धूर होता!"

सरजाबाईंच्या खोलीत त्याहून जास्त धूर होता. ईश्वरअप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि शब्द घशात अडकले. सरजाबाईंनी पिठाच्या हातानं त्यांची पाठ थोपटली. "रड, रड. मोकळा हो. माझं म्हातारं गेलं तवा मी बी म्हणले, धूरच हाय."

ईश्वरअप्पांनी पाठीवरच्या पिठासकट लाडू ठेवले, डोळे पुसले आणि खोलीच्या भिंती नीट बघितल्या. एका भिंतीला वाकळांची चवड छतापर्यंत रचलेली होती.

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर केशरबाईंना सोबत घेऊन ते पुन्हा तिथं गेले. सत्तावीस वाकळा निघाल्या. खिडकी अठ्ठाविसाव्या वाकळेमागं होती, आणि त्या खिडकीत कोंबडी अंड्यांवर बसली होती, म्हणून तिची पिल्लं बाहेर येईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं.